पळीभर आफिया

अम्मान, ७ ऑक्टोबर २०१८

लल्ला तौरिया,

फोनवर आपण भांडतो, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, हे मोठी बहीण म्हणून तूच ठरवलंस. तेव्हा हा ई-मेल पत्र समजून, चष्मा लावून, घरी वाच. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावर उभ्याउभ्या वाचू नकोस.

कथालेखनाच्या अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष सुरू झालं. आज सकाळी टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हर म्हणाला, ‘अल्लाह तुला आफिया देवो.’ वर्ष झालं इथं येऊन, तरी हे ऐकलं की मी दचकते. इथं आफिया म्हणजे तब्येत, सुखरूपपणा. वाणी, शिपाई, रस्ता झाडणारा, जो तो एकमेकांना दिवसभर आफिया देत असतो. आणि आपल्या गावात, सफ्रूत, आफिया म्हणजे विस्तव. आगीचं खरं नाव घेतलं की नरक आठवतो, म्हणून आपल्या आज्यांनी तिला हे लाडाचं नाव दिलं. ड्रायव्हरचा आशीर्वाद आपल्या गल्लीत कुणाला देऊन बघ. तो म्हणेल, तुझंच घर पेटो.

हे सांगतेय, कारण काल वर्गात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला चैन नाही.

आमच्या वर्गाची पद्धत तुला माहीत आहे. ज्याची कथा असेल त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. आमचे मार्गदर्शक डॉक्टर वद्दाह आधीच जाहीर करतात, ‘आज बहिजा मेली आहे. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारू नका, त्याच्या कथेला विचारा.’ तर काल मी मेले होते. कथा आईची, आपल्या यम्माची. बर्फाच्या दिवशी ती लोखंडी पळी घेऊन समोरच्या इत्तोच्या दारात जाते, आफिया मागते, आणि इत्तो दार लावून घेते. यम्मानं आपल्याला कितीदा तरी सांगितलेली. माणसं जशी बोलतात तशीच बोलू द्या, असं डॉक्टर म्हणतात, म्हणून संवाद मी आपल्या बोलीत ठेवले होते.

लमीस नावाची एक मुलगी आहे, माझ्या निम्म्या वयाची, हुशार. ती म्हणाली, ‘एक बाई शेजारणीच्या दारात जाऊन सुख मागते! आणि तेही पळीत!’

‘पळीतच का?’ कुणीतरी विचारलं.

‘कारण सुख कुणी ओंजळीनं देत नाही,’ दुसरा म्हणाला.

मेलेल्या बाईला खुलासा करता येत नाही. कथेत ‘निखारे’ हा शब्द होता गं. मागच्या खर्ड्यात डॉक्टरांनीच तो खोडला आणि समासात लिहिलं, ‘वाचकावर विश्वास ठेवा.’

शेवटी ते म्हणाले, बऱ्याच वर्षांत अशी प्रतिमा वाचली नव्हती. हीच तुमच्या प्रबंधाची मुख्य कथा, आणि विभागाच्या संग्रहातही हीच पहिली. मग त्यांनी मला जिवंत केलं. ‘काही बोलायचंय?’

मी म्हटलं, ‘आभारी आहे.’

तोवर तो गैरसमज त्यांचा होता. ‘आभारी आहे’ म्हटल्यापासून तो माझा झाला.

पुढच्या वर्गात सांगून टाकीन. त्याआधी तू मला त्या दिवसाबद्दल नीट लिही. मी तान्ही होते, पण तू नऊ वर्षांची होतीस. इत्तोनं यम्माला नेमकं काय म्हणून परत पाठवलं?

बहिजा


सफ्रू, २१ ऑक्टोबर

मेलेल्या बहिणीस,

त्रेचाळिसाव्या वर्षी बायका गुडघ्यांना तेल चोळतात. माझी बहीण शाळेतून बिनपगारी रजा काढून, गोष्ट कशी सांगायची ते शिकायला समुद्राच्या दुसऱ्या टोकाला गेली. आणि तिथं तिला शिकवतात काय? गप्प बसायला! ते मी फुकट शिकवलं असतं, पण तू शिकली नसतीस.

‘सुख कुणी ओंजळीनं देत नाही’ हे मी इथं सगळ्यांना वाचून दाखवलं. माझा एक शिकाऊ इतका हसला की गाडी बंद पडली.

पण एक सांगते. चुकीच्या गल्लीत शिरलात तर तिथंच ब्रेक दाबा आणि मागे घ्या, असं मी पहिल्याच दिवशी शिकवते. आणखी पुढे गेलं की गल्ली अरुंद होते, मग वळवताही येत नाही. तू अजून तोंडाशीच आहेस. बोलून टाक.

त्या दिवसाचं काय लिहू? बर्फ होता. शाळेला सुट्टी होती. इत्तोचं नाव मात्र घालू नकोस. ती अजून समोरच राहते, आणि तिचा मुलगा इंटरनेटवर सगळं वाचतो.

यम्मा बरी आहे. परवा मला विचारलं, ‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’ मी म्हटलं, ‘मी आणि तू.’ म्हणाली, ‘मग बरं आहे.’

तौरिया


अम्मान, १८ नोव्हेंबर

लल्ला तौरिया,

अजून सांगितलेलं नाही.

रोज ठरवते आणि रोज नवं कारण सापडतं. गेल्या आठवड्यात लमीस कँटीनमध्ये माझ्यापाशी येऊन बसली. तिची आई आजारी आहे. म्हणाली, ‘तुमची कथा मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, मीसुद्धा अशीच दारोदार आफिया मागत फिरतेय.’ आता मी तिला काय सांगू? की बाई गं, आमच्याकडे कोळसा ओला झाला होता?

मग मनात येतं, मी ठेवलं त्याहून मोठं काही त्यांना सापडलं असेल, तर ते कुणाचं? त्यांचं की माझं? डॉक्टर म्हणतात, चांगल्या कथेला लेखकापेक्षा जास्त कळतं. हे वाक्य मला फार आवडायचं. आता ते ऐकलं की चोरी पकडली गेल्यासारखं होतं.

इत्तोचं नाव बदललंय. पण तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. ‘बर्फ होता, सुट्टी होती’ हे उत्तर नव्हे. माझ्या विद्यार्थिनी परीक्षेत असंच लिहितात, येत नसलं की.

बहिजा


सफ्रू, १६ डिसेंबर

बहिजा,

मास्तरीण इथं होऊ नकोस.

थंडी सुरू झाली. लायसन्सच्या परीक्षेचे लोक अंगावर आलेत. यम्माचा नवा छंद सांगते. तिसऱ्या प्रहरी असरचा नमाज झाला की रोज माझ्यामागे लागते, ‘तौरिया, इत्तोच्या घरी आफिया दे. आफिया दे त्यांना.’ मी हो म्हणते. थोड्या वेळानं पुन्हा तेच. इतकी वर्षं ज्या बाईशी बोलली नाही, तिचा हा घोर! मी तरी काय करू? हो हो म्हणते आणि टीव्ही लावून देते.

बाकी तू जाडे मोजे घाल.

तौरिया


अम्मान, ६ जानेवारी २०१९

लल्ला तौरिया,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग कपडे करून थेट विद्यापीठात गेले.

तुला कळतंय ना, तू काय लिहिलंयस? जिनं बर्फात दार लावून घेतलं, तिच्या घराला यम्मा रोज असरनंतर आफिया चिंतते. सगळं विसरत चालली आहे, पण क्षमा करायला विसरली नाही. मला कथेचा शेवट मिळत नव्हता. तो यम्मानंच दिला. म्हातारी बाई खिडकीशी बसून समोरच्या बंद दाराला म्हणते, ‘आफिया द्या त्यांना.’ एवढंच. पुढे काही नाही.

डॉक्टर वद्दाह यांनी तो उभ्यानंच वाचला. म्हणाले, ‘आता हिला हात लावायचा नाही.’ फेब्रुवारीअखेर संग्रहाच्या कथा जातात, एप्रिलात प्रबंध.

आणि बघ, आता मला ते दुसरं सांगायची गरजही वाटत नाही. जे त्यांनी चुकून वाचलं होतं, ते आता खरंच कथेत आहे. आफियाला आफिया भेटली.

यम्माचा हात माझ्या वतीनं डोळ्यांना लाव.

बहिजा


सफ्रू, ९ जानेवारी

बहिजा,

कसली क्षमा आणि कसलं काय! अम्मानकर झालीस का गं तू? आफिया! विस्तव! यम्मा मला रोज सांगत होती, इत्तोकडे विस्तव पोचव म्हणून. काल मी शिकवणीला बाहेर पडले तर हिनं स्वतःच शेगडीतले निखारे पळीत घेतले आणि निघाली. उंबऱ्याशी अडखळली. गालिचा जळला, तिचा डावा तळहात भाजला. घाबरू नकोस, मलम लावलंय, फोड उतरतोय. पण मी पाच मिनिटं उशिरा आले असते तर तुझ्या गोष्टीला खरोखर शेवट मिळाला असता.

दोन ओळींत मी स्पष्ट लिहिलं होतं. आपल्या आईचं वाक्य, आपल्या बोलीतलं. आणि तुला त्यात सुख दिसलं. पळीतल्या सुखाला हसायचा हक्क गेला तुझा.

आता ऐक. लिहिणार नव्हते, पण तू खिडकी, क्षमा आणि काय काय करून बसलीस.

मागायला यम्मा गेलीच नव्हती. इत्तो आली होती. तुझा जन्म होऊन दोन-तीन दिवस झाले होते. इत्तो पळी घेऊन दारात उभी, डोक्यावरच्या शालीवर बर्फ. यम्माला म्हणाली, ‘झोहोर, थोडी आफिया दे गं. कोळसा सगळा भिजलाय, सासूबाई गारठल्यात.’ यम्मा तुला घेऊन उभी होती. मी तिच्या मागे. यम्मा म्हणाली, ‘घरात तान्हं बाळ आहे. आफिया बाहेर जाणार नाही.’ आणि दार लावलं.

बाळंतिणीच्या घरातला विस्तव चाळीस दिवस बाहेर द्यायचा नाही, हे तेव्हा सगळ्याच पाळायच्या. पण अडलेल्याला सगळ्याच द्यायच्याही. यम्माला कुणी अडवलं नव्हतं. घरात आजी नव्हती, बाबा नव्हते. पण माझ्यानंतरचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, हे तुला ठाऊक आहे. ती घाबरली.

कुणी मेलं नाही. तुझ्या गोष्टीत कुणाला मारू नकोस. इत्तो गल्लीच्या टोकाला पावाच्या भट्टीवर गेली आणि तिथून विस्तव घेऊन आली. पण तुझं नाव ठेवायच्या जेवणाला ती आली नाही, आणि नंतरही कधी नाही.

यम्मा ही गोष्ट सांगताना रडायची, आठवतं? ती मागणारीसाठी रडायची. मग सांगता सांगता कधीतरी मागणारी तीच झाली. मी ऐकत होते. मी कशाला दुरुस्त करू? तुला झोप लागायची ते ऐकून.

तौरिया


अम्मान, ३ मार्च

लल्ला तौरिया,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. तू फोनवर हाताची खबर देत होतीस आणि मी ‘बरं, बरं’ म्हणत होते. पत्रं लिहिली आणि पुसून टाकली. प्रत्येक पत्रात मी स्वतःला रागवत होते आणि ते वाचायला चांगलं वाटत होतं. म्हणून पुसली.

यम्माचं वाक्य मला समजलं नाही, याची लाज मला इतरांच्या कौतुकाहून जास्त टोचतेय. वर्गातले लोक परके होते. मी तर त्याच शेगडीशी वाढले.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. ‘सर, आमच्याकडे आफिया म्हणजे विस्तव,’ म्हटलं. त्यांनी कथा पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा काढून इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावला.

‘म्हणजे ती नुसती विस्तव मागायला गेली होती?’

‘ती गेलीच नव्हती,’ म्हणून मी बाकीचं सांगितलं.

मग ते हसायचे थांबले. वाईट माणूस नाही गं. चहा मागवला. म्हणाले, ‘बहिजा, वाचकांना जे सापडलं ते खोटं नव्हतं. लमीसची आई खोटी रडली नाही. ही कथा आहे तशी राहू द्या.’

‘आणि माझ्या आईनं जे केलं ते?’

‘ते तुमच्या घरचं. ते छापायची सक्ती कुणी केलीय?’

संग्रहासाठी त्यांनी माझ्याकरता जागा अडवून ठेवली आहे. जुनी कथा दिली तर पहिली छापतील. नवी लिहिली तर ती फक्त प्रबंधात जाईल, आणि तिथं ती चालेल की नाही, हे ते आज सांगू शकत नाहीत. नापास झाले तर पुन्हा वर्षभराची रजा शाळा देणार नाही. मग मी शिक्षण अर्धवट सोडून परत आलेली बाई.

एवढंच असतं तर ठरवणं सोपं होतं. पण जुनी कथा खोटी आहे आणि तिच्यात यम्मा चांगली आहे. नवी खरी आहे आणि तिच्यात यम्मा दार लावते. माझ्यासाठी लावते. ज्या बाळासाठी तिनं विस्तव अडवला, त्यानंच मोठं होऊन चारचौघांत ते सांगायचं? की न सांगता तिच्या नावावर पदवी घ्यायची? मी खरेपणाचं नाव पुढे करतेय आणि मला फक्त आणखी चांगली कथा हवी आहे, असं तर नाही ना? रोज रोजनिशीत हाच प्रश्न लिहिते. 

यम्माला विचार. तिला उमज असेल अशा वेळी विचार. ती नको म्हणाली तर जुनीही देणार नाही, नवीही नाही.

बहिजा


सफ्रू, ७ एप्रिल

बहिजा,

विचारलं. सकाळी, न्याहारीच्या वेळी. तेव्हा ती ताजी असते. म्हटलं, ‘यम्मा, बहिजाला इत्तोची आणि आफियाची गोष्ट लिहायची आहे. तू दार लावलंस ती. लिहू दे?’

तिनं भाकरी मधात बुडवली, खाल्ली, तोंड पुसलं. मग म्हणाली, ‘आधी विस्तव पोचवा. मग काय लिहायचं ते लिहा.’

मग काय! चेरीची झाडं फुललीत, लोक स्वेटर काढून बसलेत, आणि मी भर उन्हात शेगडी पेटवली. पळी मी धरली. दुसऱ्या हातानं यम्माला धरलं. गल्ली ओलांडायला आम्हाला इतका वेळ लागला की मागे एक गाढव आणि दोन मोटरसायकली खोळंबल्या.

इत्तोनंच दार उघडलं. पायात लोकरी मोजे, हातात टीव्हीचा रिमोट. माझ्याकडे बघितलं, पळीकडे बघितलं, मग यम्माकडे.

यम्मा म्हणाली, ‘इत्तो, आफिया आणलीय.’

इत्तोनं रिमोट काखेत धरला. मग म्हणाली, ‘घरात तान्हं बाळ आहे. आफिया आत येणार नाही.’

मी म्हटलं, झालं, हिचंही डोकं गेलं. त्या घरात ती आणि तिचा बिनलग्नाचा पन्नाशीचा मुलगा. कसलं बाळ!

यम्मानं विचारलं, ‘कुणाचं बाळ?’

‘तुझंच. त्या दिवशीचं.’

‘कुठंय?’

‘अम्मानला. गोष्टी लिहायला शिकतंय म्हणे. तुझ्या तौरियानं गल्लीभर सांगितलंय.’

यम्मानं नीट विचार केला. तिचा चेहरा तुला माहीत आहे, बाजारात भाव करतानाचा. म्हणाली, ‘मग ते तिकडे आहे तर घे की.’

इत्तोनं माझ्या हातातून पळी घेतली. निखाऱ्यांवर राख धरली होती. तिनं फुंकर घातली तेव्हा जरा लाल झाले. म्हणाली, ‘विझत आलेत, झोहोर. किती वेळ उभी होतीस?’

‘बराच,’ यम्मा म्हणाली.

मग आत गेलो. तिच्याकडे गॅस आहे, शेगडी कुठंतरी माळ्यावर. तिनं ते निखारे स्वयंपाकघरातल्या तव्यावर ओतले आणि चहा गॅसवरच केला.  इत्तोनं आवाज मोठा करून मालिका लावली. निघताना पळी रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात अक्रोड घातले.

असर झाली तशी यम्मा पुन्हा म्हणाली, ‘तौरिया, इत्तोकडे आफिया दे.’ ती विसरली गं. मी म्हटलं, ‘दिली.’ म्हणाली, ‘घेतली का तिनं?’ मी म्हटलं, ‘घेतली.’ उद्याही विचारेल. पण आता मला खोटं बोलावं लागत नाही.

लिही. इत्तोलाही विचारलं, नाव घातलं तर चालेल का. म्हणाली, ‘आता घातलं नाही तर बघ.’

तौरिया


अम्मान, २ मे

लल्ला तौरिया,

नवी कथा दिली. इत्तोच्या नावासकट. निखारे परत घातले. समासात डॉक्टरांनी काही लिहिलं नाही.

काल तोंडी परीक्षा झाली. तिथं लेखकाला जिवंत राहायची मुभा असते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी दोन्ही खर्डे वाचले होते. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘पहिल्यात बाई सुख मागते, दुसऱ्यात विस्तव देते. पहिला जास्त काव्यमय होता, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?’

मी खूप उत्तरं तयार केली होती. ती सगळी बाजूला राहिली. म्हटलं, ‘माझ्या आईच्या हातावर भाजल्याचा डाग आहे. सुखानं फोड येत नाही.’

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. उत्तीर्ण झाले. श्रेणी साधी. संग्रहात कथा नाही, त्या जागी लमीसची आली; चांगली आहे. नवी कथा वाचल्यावर लमीस मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. म्हणाली, ‘आता आईला काय सांगू?’ मी म्हटलं, तुझी आई ज्याच्यासाठी दारोदार फिरतेय ते खरंच आहे, फक्त ते माझ्या कथेत नव्हतं. तिला पटलं की नाही, ठाऊक नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. तुझं शेवटचं पत्र मी जवळजवळ जसंच्या तसं कथेत घातलंय, आणि परीक्षकांना नेमका तोच भाग आवडला. म्हणजे पदवी खरं तर कुणाला मिळाली, हा प्रश्न आता रोजनिशीत सुरू झालाय. तू हसशील. हस.

रमजान घरीच. विमान शनिवारी. अक्रोड संपवू नका.

कागदपत्रं घेऊन फाटकातून बाहेर पडताना पहारेकरी नेहमीसारखा म्हणाला, ‘अल्लाह तुम्हाला आफिया देवो, मॅडम.’

मी थांबले. म्हटलं, ‘पळीभर पुरे. समोरच्या घरी द्यायची आहे.’

तो गोंधळून हसला. मी समजावून सांगत बसले नाही.

बहिजा